विश्लेषण : मुठेच्या गाळात औषधांना न जुमानणारी जनुके… नदीतला डीएनए वाचून काय कळते?

नदीच्या प्रदूषणाचा सरकारी तक्ता अनेकांच्या पाहण्यात आलेला असतो. पाण्याचा सामू किती, विरघळलेला प्राणवायू किती, जैविक प्राणवायूची मागणी म्हणजे ‘बीओडी’ किती आणि मैल्यातून आलेले कोलिफॉर्म जिवाणू किती. हे आकडे वाईट आले की बातमी होते, नोटिसा निघतात. पण या पाण्यात जे जिवाणू आहेत, त्यांच्यावर आपल्याकडची प्रतिजैविके म्हणजेच अँटिबायोटिक औषधे लागू पडतील का, याचे उत्तर देणारा रकाना त्या तक्त्यात नाही. हे उत्तर शोधण्याची एक पद्धत गेल्या दीड दशकात चांगलीच रुळली आहे. पाण्यातला किंवा गाळातला सगळा डीएनए काढायचा, यंत्राने तो अक्षर-अक्षर वाचायचा आणि त्यात औषधाला निष्प्रभ करणारी जनुके किती आहेत ते मोजायचे. पुण्याच्या मुठा नदीची अशी तपासणी झालेली आहे आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. पुण्यात नदीविषयी एवढी चर्चा होते, पण त्या निष्कर्षांची फारशी होत नाही.

मुठेच्या गाळात काय आढळले?

नचिकेत मराठे, स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाचे योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी मुठेच्या तळाचा गाळ घेतला. काही नमुने शहराच्या वरच्या अंगाचे, म्हणजे नदी पुण्यात शिरण्याआधीचे, तर काही शहरातील पात्रातले. शहरात नदीला प्रक्रिया न केलेले किंवा अर्धवट प्रक्रिया केलेले मैलापाणी येऊन मिळते. ते मिळण्याआधी आणि मिळाल्यानंतर नदीत काय बदलते, हा प्रश्न होता.

गाळात एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी १७५ प्रकारची प्रतिरोध जनुके आढळली. शहरातील गाळात त्यांचे प्रमाण वरच्या अंगापेक्षा ३० पट होते. हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. घाणेरड्या पाण्यात जिवाणूच जास्त असतात, मग त्यांची जनुकेही जास्त असणारच, असे कोणी म्हणेल. पण ही मोजणी सापेक्ष आहे. नमुन्यात जिवाणू किती आहेत ते लक्षात घेऊन त्या तुलनेत प्रतिरोध जनुके किती, असा हिशेब केलेला आहे. म्हणजे शहरात जिवाणूंची नुसती गर्दी वाढली नाही, त्या गर्दीत औषधाला दाद न देणाऱ्यांचा वाटाही वाढला.

अधिक चिंतेची गोष्ट म्हणजे ही जनुके कोणत्या औषधांविरुद्धची आहेत. एनडीएम, व्हीआयएम, केपीसी, ओएक्सए-४८ आणि आयएमपी ही पाचही नावे यादीत होती. ही जनुके ‘कार्बापेनेम’ गटातील औषधांना तोडणारी विकरे तयार करतात. अतिदक्षता विभागात नेहमीची औषधे चालेनाशी झाली की डॉक्टर ज्यांच्याकडे वळतात ती ही औषधे. शहरातील गाळात ४४ जनुके लक्षणीयरीत्या जास्त होती. त्यात टायगेसायक्लिन या आणखी एका राखीव औषधाविरुद्धचे ‘टेट-एक्स’ आणि कार्बापेनेमविरुद्धचे ओएक्सए-५८ ही जनुके होती.

याच अभ्यासातील आणखी एक आकडा थबकायला लावतो. शहरातील काही गाळात ‘ॲसिनेटोबॅक्टर’ या एकाच प्रजातीचे जिवाणू एकूण जिवाणूंच्या २९ टक्क्यांपर्यंत होते. इतक्या खोलवर वाचलेल्या कोणत्याही पर्यावरणीय नमुन्यात एवढे प्रमाण आपल्या माहितीत नाही, असे संशोधकांनी नमूद केले. या प्रजातीतील सगळे जिवाणू रोग निर्माण करत नाहीत, अनेक तर माती-पाण्यात निरुपद्रवीपणे राहतात. पण तिच्यातील एक सदस्य व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना ग्रासणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वाधिक चिंतेच्या जिवाणूंची जी यादी केली आहे, तिच्या वरच्या गटात तो आहे. मुठेत जिथे ॲसिनेटोबॅक्टर जास्त, तिथे ओएक्सए-५८ जनुकही जास्त, असा ठळक संबंध दिसला.

एक निष्कर्ष मात्र उलट्या बाजूचा होता. कोलिस्टिन या शेवटच्या फळीतील औषधाविरुद्धचे ‘एमसीआर-१’ हे जनुक शहरातील एकाही नमुन्यात नव्हते, ते सापडले वरच्या अंगाच्या एका नमुन्यात. हे जनुक चीनमध्ये पहिल्यांदा सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले होते. त्या काळात कोलिस्टिन आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यातही वापरले जात असे. केंद्र सरकारने जनावरांसाठीच्या या वापरावर जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. पण मुठेच्या वरच्या अंगाला ते जनुक कुठून आले, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. शहर वाईट आणि गाव स्वच्छ अशी सरळ विभागणी करू पाहणाऱ्यांना थांबवायला मात्र तो पुरेसा आहे.

मग पुण्याचे नळाचे पाणी धोक्याचे का?

हा अभ्यास नळाच्या पाण्याचा नव्हता. पुण्याला पिण्याचे पाणी खडकवासला धरणसाखळीतून, म्हणजे शहराच्या वरून येते आणि शुद्धीकरण होऊन घरात पोहोचते. तपासला गेला तो नदीच्या तळाचा गाळ. त्यावरून नळाबद्दल कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

ही जनुके मुळात येतात कुठून?

प्रतिरोध ही माणसाने निर्माण केलेली गोष्ट नाही. जमिनीतील बुरशी आणि जिवाणू एकमेकांना मारण्यासाठी प्रतिजैविके तयार करतात आणि त्यांच्यापासून वाचण्याच्या युक्त्याही त्यांच्याकडे असतात. कॅनडातील युकॉन प्रांतात ३० हजार वर्षे गोठून पडलेल्या जमिनीतल्या डीएनएत प्रतिरोध जनुके सापडल्याचे २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. पेनिसिलिन तर अजून शंभर वर्षांचेही नाही.

अडचण निर्माण होते ती ही जनुके प्रवासाला निघाली की. जिवाणूंच्या पेशीत मुख्य गुणसूत्राबाहेर डीएनएची छोटी कडी असते, तिला प्लास्मिड म्हणतात. एक जिवाणू ही कडी शेजारच्याला देऊ शकतो. शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालते. एकाच प्लास्मिडवर पाच-सहा औषधांविरुद्धची जनुके ओळीने बसलेली असू शकतात. म्हणजे साध्या, स्वस्त औषधाच्या वापरानेही महागड्या राखीव औषधाविरुद्धचे जनुक टिकून राहते, कारण दोन्ही एकाच कडीवर आहेत. आज रुग्णालयांना जेरीस आणणारी ‘सीटीएक्स-एम’ नावाची जनुके मूळची क्लायव्हेरा या निसर्गात राहणाऱ्या जिवाणूची. तिथून ती ई. कोलायमध्ये आली आणि जगभर पसरली.

आपण प्रतिजैविक घेतो तेव्हा त्याचा काही भाग शरीर वापरते आणि उरलेला मलमूत्रातून बाहेर पडतो. आतड्यातील जे जिवाणू औषधातून वाचले तेही बाहेर पडतात. घर, रुग्णालय, गोठा, कुक्कुटपालन शेड, औषध कारखाना या सगळ्यांचे पाणी शेवटी एकाच नाल्यात येते. तिथे निरनिराळ्या जिवाणूंची गाठ पडते, थोडे-थोडे औषधही विरघळलेले असते, शिवाय जड धातू आणि जंतुनाशके असतात. प्लास्मिडच्या देवाणघेवाणीला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

डीएनए वाचून तपासणी नेमकी कशी होते?

जुनी पद्धत अशी : पाणी घ्यायचे, काचेच्या बशीत पोषक थरावर जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्यावर औषध टाकून ते मरतात का ते बघायचे. रुग्णालयातील ‘कल्चर’ तपासणी हीच. रुग्णासाठी ती अजूनही सर्वांत भरवशाची आहे. पण माती-पाण्यातले बहुसंख्य जिवाणू अशा बशीत वाढतच नाहीत. जे वाढतात तेवढेच दिसतात. बाकीच्यांकडे कोणती जनुके आहेत, ते अंधारातच राहते.

दुसरी पद्धत पीसीआर. करोनाकाळात हा शब्द घराघरांत पोहोचला. यात एखादे ठरावीक जनुक शोधून त्याच्या प्रती वाढवून मोजता येतात. पद्धत स्वस्त आणि अतिशय संवेदनशील, पण आपण जे विचारू त्याचेच उत्तर ती देते. एनडीएम आहे का असे विचारले तर एनडीएमचेच कळेल. शेजारी दुसरे नवे जनुक बसलेले असले तर त्याचा पत्ता लागणार नाही.

सिक्वेन्सिंगमध्ये असा आधी प्रश्न ठरवावा लागत नाही. नमुन्यातील सर्व जिवाणू फोडून त्यांचा सगळा डीएनए एकत्र काढला जातो. त्याचे बारीक तुकडे करतात. यंत्र त्यातील कोट्यवधी तुकडे वाचते, प्रचलित यंत्रांवर एका तुकड्याची साधारण १५० अक्षरे. डीएनएची अक्षरे चारच, त्यामुळे हाती येते ती ए, टी, जी, सी या अक्षरांच्या ओळींची प्रचंड फाइल. कुठली ओळ कोणत्या जिवाणूची, हे त्यावर लिहिलेले नसते. हजार पुस्तके कापणीयंत्रात घालून त्यांच्या चिंध्या एका पोत्यात भरल्यासारखा हा प्रकार आहे. या पद्धतीला मेटाजिनॉमिक्स म्हणतात.

मग संगणक प्रत्येक चिंधी माहीत असलेल्या प्रतिरोध जनुकांच्या यादीशी ताडून पाहतो. अशा याद्या सर्वांसाठी खुल्या आहेत. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाची ‘कार्ड’ आणि डेन्मार्कमधील ‘रेसफाइंडर’ या त्यातील जास्त वापरातल्या. कोणते जनुक किती वेळा जुळले ते मोजले जाते आणि नमुन्यातील एकूण जिवाणूंच्या अंदाजाने त्याला भागले जाते. हा अंदाज ‘१६ एस’ नावाच्या जनुकावरून बांधतात, कारण ते प्रत्येक जिवाणूत असते. मुठेचा ‘३० पट’ हा आकडा सापेक्ष आहे तो याच अर्थाने.

यात मेहनत किती आहे, ते एका ढोबळ हिशेबावरून लक्षात येईल. एनडीएम-१ जनुक सुमारे ८०० अक्षरांचे आहे. ज्या जिवाणूत ते असते त्याचा पूर्ण डीएनए साधारण ५० लाख अक्षरांचा. म्हणजे त्या जिवाणूच्याच डीएनएतून आलेल्या सहा हजार तुकड्यांत एखादा तुकडा या जनुकाचा. आता असा जिवाणू गाळात हजारात एकच आहे असे धरू. मग साठ लाख तुकडे वाचावे तेव्हा एक सापडणार. जिवाणू लाखात एक असेल तर साठ कोटी. म्हणून एखाद्या अहवालात ‘जनुक आढळले नाही’ असे वाचले तर पहिला प्रश्न असा विचारायचा, की किती तुकडे वाचले होते?

अलीकडे लांब तुकडे सलग वाचणारी यंत्रे आली आहेत. ‘नॅनोपोअर’ तंत्रावरचे सर्वांत लहान यंत्र तर खिशात मावेल एवढे आहे. सलग हजारो अक्षरे वाचता आली की जनुकाच्या आजूबाजूचा मजकूरही दिसतो. जनुक प्लास्मिडवर आहे की गुणसूत्रावर, ते फिरते आहे की जागेवर बसलेले, हे कळते. धोका किती हे ठरवताना याच माहितीला जास्त वजन आहे. एखाद्या मातीतल्या जिवाणूच्या गुणसूत्रात हजारो वर्षे बसलेले जनुक आणि रोगकारक जिवाणूच्या प्लास्मिडवरचे एनडीएम यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल.

दिल्लीच्या पाण्यावरून वाद का झाला होता?

पर्यावरणातील प्रतिरोध जनुकांचा विषय भारतात गाजला तो एनडीएमच्या निमित्ताने. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या शरीरात २००८ मध्ये हे जनुक प्रथम सापडले आणि त्याच्या नावात ‘न्यू डेल्ही’ आले. २०१० मध्ये भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधील रुग्णांबाबतचा अभ्यास ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये आला तेव्हा सरकारने नावावर तीव्र आक्षेप घेतला. परदेशी रुग्णांनी भारतात उपचारांसाठी येऊ नये म्हणून ही बदनामी चालली आहे, असाही आरोप झाला. ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी पुढे या नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

वाद नावावर रंगला आणि त्या गदारोळात पुढचा अभ्यास झाकोळला. टिमोथी वॉल्श आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबर २०१० मध्ये मध्य दिल्लीच्या १२ किलोमीटर परिसरातून रस्त्यालगत साचलेल्या पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने घेतले. साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत आणि नळाच्या दोन नमुन्यांत एनडीएम-१ जनुक आढळले. पटकी आणि आमांश यांच्या जिवाणूंमध्येही ते पोहोचलेले होते. ही तपासणी कल्चर आणि पीसीआरची होती, सिक्वेन्सिंगची नव्हे. तरी तिने एक गोष्ट स्पष्ट केली. जनुक रुग्णालयाच्या भिंतींच्या आत राहिलेले नव्हते. नावाचा अपमान मोठा मानायचा की नळाचे दोन नमुने, हे त्या वेळी आपण ठरवले आणि ते चुकीचे ठरवले, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

हैदराबादजवळ काय घडले?

हैदराबादजवळच्या पाटणचेरू भागात औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने दाटीने वसले आहेत. अशा सुमारे ९० कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या एका सामाईक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे ‘शुद्ध’ केलेल्या पाण्याची तपासणी लार्सन यांच्या गटाने केली आणि २००७ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन! औषधाची गोळी घेतल्यावर रुग्णाच्या रक्तात असते त्यापेक्षा हे प्रमाण जास्त होते. दिवसाला सुमारे ४५ किलो औषध त्या पाण्यातून वाहून जात होते. ९० लाख लोकसंख्येचा स्वीडन देश पाच दिवसांत एवढे सिप्रोफ्लॉक्सासिन वापरतो, अशी तुलना संशोधकांनी दिली.

हे झाले रसायनाचे. जिवाणूंवर त्याचा काय परिणाम झाला ते सिक्वेन्सिंगने दाखवले. त्याच पट्ट्यातील काझीपल्ली तलावाच्या गाळातला डीएनए वाचून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८१ प्रकारची प्रतिरोध जनुके आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या स्वीडनमधील तलावात आठच सापडली होती. प्रमाणाचा फरक सुमारे सात हजार पटींचा. मुठेतील ३० पट हा आकडा याच्यापुढे किरकोळ वाटेल. पण दोन्हींची तुलना करू नये. काझीपल्लीला कारखान्यांचा शाप होता. मुठेत जे आहे ते प्रामुख्याने तुमच्या-आमच्या घरातून आलेले आहे, आणि असे पाणी वाहणारी शहरे देशभर आहेत.

नदी प्रतिरोध तयार करते की नुसता वाहून नेते?

पर्यावरणीय तपासणीतला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि उपाय काय करायचा हे त्याच्या उत्तरावर ठरते. नदीतल्या जिवाणूंची औषधाच्या अंशांमुळे तिथेच निवड होत असेल, तर औषधाचे अंश रोखायला हवेत. नदी केवळ आपल्या आतड्यांतले जिवाणू पुढे नेत असेल, तर मैला रोखायला हवा.

याचे उत्तर शोधायला एक गमतीदार साधन हाती आले. माणसाच्या आतड्यातील जिवाणूंवर जगणारा ‘क्रॅसफाज’ नावाचा विषाणू २०१४ मध्ये सापडला, तोही जुन्या नमुन्यांच्या डीएनए-चिंध्या संगणकावर पुन्हा जुळवताना. तो मानवी विष्ठेत मुबलक असतो आणि अन्यत्र फारसा नसतो. म्हणजे पाण्यात क्रॅसफाजचा डीएनए किती, हे पाहिले की मैला किती आला ते कळते. फिनलंड आणि स्वीडनमधील संशोधकांनी जगातील वेगवेगळ्या ठिकाणच्या सिक्वेन्सिंगच्या फायली याच नजरेने तपासल्या आणि २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. बहुतेक ठिकाणी क्रॅसफाज जितका जास्त, प्रतिरोध जनुके तितकी जास्त. म्हणजे जनुकांचे प्रमाण मैल्याच्या प्रमाणावरूनच समजावून सांगता येत होते. अपवाद होता तो औषधनिर्मितीच्या सांडपाण्याने माखलेल्या गाळाचा. तिथे मैल्याच्या हिशेबात न बसणारा प्रतिरोध होता, म्हणजे तिथे निवड प्रत्यक्ष घडत होती.

एका ठिकाणी कारखान्याला जाब विचारायचा आणि दुसऱ्या ठिकाणी मैलापाणी शुद्धीकरण केंद्राला, हा भेद बीओडीच्या आकड्यातून कधीच कळला नसता. एवढ्या एका कारणासाठीही ही तपासणी नियमित व्हायला हवी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

जगाच्या गटारांचा नकाशा कसा तयार झाला?

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१६ च्या सुरुवातीला ६० देशांतील ७९ ठिकाणांहून मैलापाण्याचे नमुने गोळा झाले. एकाच पद्धतीने, एकाच प्रयोगशाळेत ते वाचले गेले. युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड एका गटात, तर आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका दुसऱ्या गटात असे चित्र उमटले. प्रतिरोधाचे प्रमाण तिथल्या औषधवापराशी फारसे जुळले नाही. ते जुळले स्वच्छता, आरोग्यसेवा आणि राहणीमान यांच्या निर्देशांकांशी. पुढे हाच उपक्रम १०१ देशांतील २४३ शहरांपर्यंत आणि ७५७ नमुन्यांपर्यंत वाढला.

मैलापाण्याची तपासणी स्वस्तही पडते आणि तिला कोणाच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. एका केंद्रावरचा लिटरभर नमुना म्हणजे लाखो माणसांची एकत्रित, बिननावाची तपासणी. रुग्णालयात जे येतात त्यांचीच माहिती रुग्णालय देऊ शकते. जो माणूस कोपऱ्यावरच्या औषध दुकानातून चिठ्ठीविना गोळ्या घेऊन घरीच बरा होतो, तो तिथल्या आकडेवारीत कधीच येत नाही. गटारात मात्र त्याचीही नोंद होते.

या पद्धतीच्या मर्यादा काय?

जनुक सापडले म्हणजे जिवंत जिवाणू सापडला असे नाही. मेलेल्या जिवाणूचा डीएनएही गाळात काही काळ टिकतो. जिवाणू जिवंत असला तरी ते जनुक काम करतेच असे नाही. आखूड तुकड्यांवरून जनुकाचा मालक कोण, हे बहुतेकदा सांगता येत नाही. यादीत नसलेले नवे जनुक यंत्राने वाचले तरी संगणकाला ओळखता येत नाही. शिवाय डीएनए काढण्याची रीत, यंत्र, यादी आणि हिशेबाची पद्धत प्रत्येक प्रयोगशाळेची वेगळी असते. त्यामुळे पुण्याचा आकडा आणि नागपूरचा आकडा शेजारी ठेवून कोण जास्त वाईट, असे म्हणता येत नाही, दोन्ही एकाच पद्धतीने काढलेले असल्याशिवाय. पावसाळ्यातला नमुना आणि मे महिन्यातला नमुना यांतही जमीन-अस्मानाचा फरक असतो.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. नदीत इतकी जनुके असतील तर इतके लोक आजारी पडतील, असे सूत्र आज कोणाकडे नाही. बीओडीला जशी मर्यादा ठरलेली आहे तशी ‘इतक्या जनुकांपर्यंत सुरक्षित’ अशी मर्यादा ठरलेली नाही. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये गरीब देशांना झेपेल अशी साधी रीत सुचवली. माणूस, अन्नसाखळी आणि पर्यावरण या तिन्हींत एकाच प्रकारचा प्रतिरोधी ई. कोलाय बशीत वाढवून मोजायचा. ‘ट्रायसायकल’ असे तिचे नाव. सिक्वेन्सिंग तिच्या जोडीला हवे, तिच्या जागी नव्हे.

भारतात नियम काय आहेत?

औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणत्या प्रतिजैविकाचा किती अंश चालेल, याच्या मर्यादा घालणारा मसुदा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये काढला होता. जगात असे करणारा भारत पहिल्या देशांपैकी ठरला असता. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्यातून या मर्यादा गायब होत्या. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविक निर्मितीच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या बंधनकारक नाहीत.

प्रतिरोधाबाबतची राष्ट्रीय कृती योजना पहिल्यांदा २०१७ मध्ये आली आणि २०२५ ते २०२९ या काळासाठीची दुसरी योजना नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१३ पासून चालणारे जाळे रुग्णालयांतील प्रतिरोधावर चांगली आकडेवारी देते. जनावरे आणि मासे यांच्यासाठीही जाळे उभे राहिले आहे. नदी आणि गटार यांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे जे आहे ते सुटे-सुटे संशोधन. एक शोधनिबंध प्रसिद्ध होतो, प्रकल्पाचा निधी संपतो आणि त्याच घाटावर पुन्हा कोणी बाटली घेऊन जात नाही.

याची किंमत कोणती? ‘लॅन्सेट’मधील जागतिक अंदाजानुसार २०२१ मध्ये प्रतिरोधी जिवाणूंमुळे थेट ११ लाख ४० हजार मृत्यू झाले आणि आणखी कितीतरी लाख मृत्यूंना त्यांचा हातभार लागला. २०२५ ते २०५० या काळात हा थेट मृत्यूंचा आकडा ३ कोटी ९० लाखांवर जाऊ शकतो. यातले किती मृत्यू नदी-नाल्यांच्या वाटेने येतात, हे वेगळे काढता येत नाही.

महाराष्ट्रात हे करणे शक्य आहे का?

तंत्र आणि माणसे आहेत. मुंबईत २००१ पासून पोलिओसाठी गटाराच्या पाण्याची नियमित तपासणी सुरू झाली. देशात रुग्ण दिसेनासे झाल्यावरही विषाणू फिरतो आहे का, हे सांगणारा तो पहारेकरी होता. करोनाकाळात पुण्यातल्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतून नमुने घेऊन राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसह शहरातील संस्थांनी विषाणूची बदलती रूपे टिपली. नमुना घेणारा, तो थंड ठेवून पोहोचवणारा, यंत्र चालवणारा आणि फाइल वाचणारा अशी सगळी साखळी शहरात एकदा उभी राहिलेली आहे. त्याच नमुन्यातला जिवाणूंचा डीएनए वाचणे हे त्याच वाटेवरचे पुढचे काम आहे.

प्रश्न मैलापाण्यावरच्या प्रक्रियेचाही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२ हजार ३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती २० हजार २३६ दशलक्ष लिटरवर. पुण्यात जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून ११ नवी केंद्रे उभारण्याचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. ही केंद्रे चालू झाल्यावर मुठेच्या गाळातला ‘३० पट’ कितीवर येतो, हे मोजण्याची संधी पुण्याला आहे, कारण आधीचा आकडा हाताशी आहे. फार थोड्या भारतीय शहरांकडे असा जुना आकडा आहे. अर्थात शुद्धीकरण केंद्रांची रचना जिवाणूंची संख्या आणि बीओडी कमी करण्यासाठी केलेली असते, जनुके काढण्यासाठी नव्हे. किती जनुके त्यातूनही पार होतात, हेही याच मोजणीत कळेल.

मुठा संगमावर मुळेला मिळते. पुढे मुंढव्याच्या जॅकवेलमधून पाणी उचलून बेबी कालव्यात सोडले जाते आणि ते हवेली, दौंडच्या शेतांत जाते. उरलेली मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत. पुण्यातल्या गाळाचे नमुने तपासले गेले. कालव्याच्या पाण्यावर वाढणाऱ्या भाजीचे आणि त्या शेतातल्या मातीचे नमुने त्या अभ्यासात नव्हते.